लष्करी कायद्याखाली लैंगिक अत्याचाराचा आरोप: जवान आणि घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला फोन बहुतेक वेळा जवानाचा नसतोच. वडिलांचा असतो, भावाचा असतो, कधी बायकोचा. "साहेब, त्याला युनिटमध्ये बसवून ठेवलंय, फोन काढून घेतलाय, नेमकं काय झालंय कोणी सांगत नाही." सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात गावागावांतून पोरं फौजेत आहेत. असा आरोप आला की घरच्यांना पोलीस ठाणं कुठे आहे ते माहीत असतं, पण कोर्ट मार्शल म्हणजे काय, ते कुठे बसतं, तिथे वकील चालतो का, यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून हे पान लिहिलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लैंगिक अत्याचाराची प्रत्येक तक्रार गांभीर्याने ऐकली गेलीच पाहिजे. फौजेत तर जास्तच, कारण तिथे तक्रार करणारी आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर आरोप आहे ती व्यक्ती बहुधा एकाच छावणीत राहतात आणि त्यांच्यात रँकचं अंतर असतं. आरोपीचा बचाव म्हणजे त्या बाईची बदनामी नव्हे. पुरावा कायद्याने तपासला जावा, नियम पाळले जावेत आणि जे घडलं त्याचीच शिक्षा व्हावी, एवढ्यासाठी बचाव असतो. खाली मुख्यतः आर्मी अ‍ॅक्ट, १९५० आणि आर्मी रूल्स, १९५४ यांच्याबद्दल लिहिलं आहे. हवाई दल आणि नौदलाचे कायदे वेगळे आहेत, पण चौकट बरीचशी अशीच आहे.

केस पोलिसांकडे जाते की आर्मीकडे?

तक्रार करणारी व्यक्ती कोण आणि घटना कुठे घडली, यावर ते ठरतं.

आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ६९ प्रमाणे देशाच्या फौजदारी कायद्यातला गुन्हाही कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या न्यायालयापुढे, चालवता येतो. मात्र कलम ७० ने त्याला मर्यादा घातली आहे. लष्कर, नौदल किंवा हवाई दलाच्या कायद्याखाली न येणाऱ्या व्यक्तीवर, म्हणजे साध्या शब्दांत सिव्हिलियनवर, बलात्कार केल्याचा आरोप असेल तर कोर्ट मार्शल तो खटला चालवू शकत नाही. तो पोलीस आणि सत्र न्यायालयाकडेच जातो. याला तीन अपवाद आहेत: आरोपी त्या वेळी अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर (शत्रूविरुद्धच्या किंवा सरकारने तशी ठरवलेल्या कामगिरीवर) असेल, घटना भारताबाहेर घडली असेल, किंवा केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवलेल्या सीमा चौकीवर घडली असेल.

सहकारी जवानाची बायको किंवा मुलगी लष्करी क्वार्टरमध्ये राहत असली, तरी कायद्याच्या नजरेत ती साधारणतः सिव्हिलियनच असते. "कॅम्पच्या आत झालंय म्हणजे आर्मीच बघणार" हा समज चुकीचा आहे. उलट तक्रारदार स्वतः गणवेशात असेल, म्हणजे महिला अधिकारी किंवा लष्करी नर्सिंग सेवेतली अधिकारी, तर कोर्ट मार्शल आणि फौजदारी न्यायालय दोन्हींना अधिकार असतो.

विनयभंग, लैंगिक छळ, पाठलाग, चोरून चित्रीकरण हे गुन्हे कलम ७० च्या मनाईत येत नाहीत. ते सिव्हिलियनच्या बाबतीत घडले असले तरी लष्कर आपल्याकडे घेऊ शकतं.

दोघांनाही अधिकार असेल तर कोण ठरवतं? आम्ही निवडू शकतो का?

आरोपीला निवड नाही, तक्रारदारालाही नाही. कलम १२५ प्रमाणे पहिला निर्णय आर्मी, कोअर, डिव्हिजन किंवा स्वतंत्र ब्रिगेडच्या कमांडिंग अधिकाऱ्याचा. न्यायालयाला वाटलं की खटला आपल्याकडे चालावा, तर कलम १२६ खाली ते तसं कळवू शकतं आणि वाद राहिलाच तर केंद्र सरकार ठरवतं. यासाठी १९७८ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांप्रमाणे दंडाधिकाऱ्याने स्वतःहून खटला पुढे नेण्याआधी कमांडिंग अधिकाऱ्याला नोटीस द्यायची आणि १५ दिवस थांबायचं.

सप्टेंबर २०२१ मधलं कोइंबतूरचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. हवाई दलाच्या प्रशासकीय महाविद्यालयात प्रशिक्षणाला आलेल्या महिला अधिकाऱ्याने बलात्काराची तक्रार केली, तामिळनाडू पोलिसांनी फ्लाइट लेफ्टनंटला अटक केली आणि नंतर न्यायालयाने त्याला हवाई दलाच्या ताब्यात दिलं. तक्रारदार आणि आरोपी दोघंही हवाई दलाच्या कायद्याखाली होते, म्हणून हे होऊ शकलं. पुढे २०२२ मध्ये सिक्कीममधल्या एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलटी बाजूही स्पष्ट केली: लष्कराने खटला आपल्याकडे घेतला नाही, तर फौजदारी न्यायालयाचा अधिकार पूर्णपणे शाबूत राहतो.

गावाकडची केस आहे. लग्नाचं ठरलं होतं, मोडलं आणि आता मुलीने तक्रार दिली. यात काय होतं?

माझ्याकडे येणाऱ्या चौकशांत या प्रकारच्या बऱ्याच असतात. रजेवर आलेला मुलगा, ओळख, लग्नाचा शब्द, मग बदली, मग घरच्यांचा नकार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत यासाठी स्वतंत्र कलम आहे, तेही ६९ च. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ६९ शी त्याचा संबंध नाही, पण कागद वाचताना गोंधळ होतो म्हणून मुद्दाम सांगतो. लग्न करण्याचा इरादा नसताना वचन देऊन शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

बचावाचा कणा एकाच प्रश्नावर उभा असतो: शब्द दिला तेव्हाच तो खोटा होता, की खरा शब्द पुढे मोडला? महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा फरक नीट मांडला. वचन सुरुवातीपासूनच खोटं असलं पाहिजे आणि तिच्या होकाराशी त्याचा थेट संबंध असला पाहिजे. म्हणून साखरपुड्याचे फोटो, पत्रिका जुळवल्याचे कागद, दोन्ही घरांतल्या बैठका, लग्नासाठी टाकलेला रजेचा अर्ज, लग्न का मोडलं ते सांगणारे मेसेज, हे सगळं महत्त्वाचं. एका प्रकरणात जवानाने युनिटमध्ये लग्नासाठी मागितलेली रजा आणि ती नामंजूर झाल्याचा शेरा हा एक कागद दहा साक्षीदारांच्या तोडीचा ठरला.

पण खरोखरच फसवलं असेल, तर असे कागद सापडत नाहीत. तेव्हा वकिलाला खरं सांगा. वकिलाशीच खोटं बोललेल्या आरोपीचा बचाव करणं फार अवघड जातं.

आरोप कळल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करावं?

तक्रारदाराशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नका. माफीचा मेसेज नको, "असं का केलंस" असाही नको, मैत्रिणीमार्फत निरोप नको. रात्री दोन वाजता भावनेच्या भरात पाठवलेला "सॉरी" पुढे कबुलीजबाब म्हणून वाचला जातो.

फोनमधलं काहीही डिलीट करू नका. आपल्या विरोधात जाईल असं वाटणारा चॅटही नाही. पुसलेलं परत काढता येतं, आणि पुसल्याचं दिसलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. फोन जप्त झाला तर पावती मागा, त्यावर मॉडेल आणि आयएमईआय नंबर लिहून घ्या. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात दाखल करायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट पुरत नाहीत.

तिसरं काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. युनिटमधल्या नोंदी लगेच लेखी मागा: गार्ड रजिस्टर, आउट पास रजिस्टर, मूव्हमेंट ऑर्डर, ड्युटी रोस्टर, मेसची बिलं, गेटवरचं सीसीटीव्ही. सीसीटीव्हीवर काही दिवसांत नवं चित्रीकरण चढतं आणि जुनं कायमचं जातं. अर्ज साधा असू दे, पण तारखेसह, पोच घेऊन. पुढे "आम्ही मागितलं होतं, जपलं गेलं नाही" एवढं म्हणता येणंही बचावाला मोलाचं असतं.

युनिटने ताब्यात ठेवलंय. किती दिवस ठेवू शकतात?

आर्मी अ‍ॅक्टच्या कलम १०२ प्रमाणे कोणालाही ४८ तासांपेक्षा जास्त काळ आरोपाची चौकशी सुरू न करता अटकेत ठेवायचं नाही, अपवाद फक्त ते शक्यच नसेल तर. पुढे कोर्ट मार्शल बसायला उशीर होत असेल, तर कलम १०३ खाली दर आठ दिवसांनी उशिराची कारणं वरिष्ठांना कळवावी लागतात. अटक दोन तऱ्हेची असते. क्लोज अरेस्टमध्ये पहाऱ्यात राहावं लागतं, ओपन अरेस्टमध्ये ठरलेल्या हद्दीत फिरता येतं. जामिनाची नेहमीची वाट आर्मी अ‍ॅक्टमध्ये नाही. लष्करी प्रकरणं ऐकणारं सशस्त्र दल न्यायाधिकरण मात्र लष्करी कोठडीतल्या आरोपीला जामीन देऊ शकतं. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात तो दोषी आहे असं मानायला सबळ कारण दिसत असेल, तर तो मिळत नाही.

दरम्यान दुसऱ्या युनिटला अटॅचमेंट होते, अधिकाऱ्यांवर डीव्ही बॅन (शिस्तीच्या प्रकरणामुळे येणारी रोक) लागतो, प्रमोशन अडकतं. ही शिक्षा नाही, पण माणसाला ती शिक्षेसारखीच वाटते, हे घरच्यांनी समजून घ्यावं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे खटलाच का?

नाही. ती चौकशी आहे. पण खटल्याची बीजं तिथेच पेरली जातात.

रूल १८० हा या टप्प्यावरचा सर्वांत मोठा आधार. ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर चौकशीचा परिणाम होणार आहे, त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहायचा, आपलं निवेदन करायचा, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा आणि आपले साक्षीदार आणायचा अधिकार आहे. प्रत्यक्षात होतं काय? सुरुवातीला जवानाला "साक्षीदार क्रमांक ४" म्हणून बोलावतात, त्याचं निवेदन घेतात, आणि तोच आरोपी ठरतोय हे उघड झाल्यावर रूल १८० लावतात. तोवर तीन साक्षी त्याच्या माघारी झालेल्या असतात. अशा वेळी तिथल्या तिथे, नम्रपणे, लेखी हरकत घ्या: "आधीचे साक्षीदार माझ्यासमोर पुन्हा बोलवावेत." दोन वर्षांनी वरच्या कोर्टात हा मुद्दा पहिल्यांदा काढला, तर "तेव्हा गप्प का होता आणि त्याने तुमचं नुकसान काय झालं" असं विचारलं जातं.

रूल १८२ प्रमाणे या चौकशीतली निवेदनं कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. खोटी साक्ष दिल्याचा खटला असेल तर गोष्ट वेगळी. मात्र पुढचा तपास कोणत्या दिशेने जाणार ते याच कागदांवर ठरतं.

समरी ऑफ एव्हिडन्सला एवढं महत्त्व का देता?

समरी ऑफ एव्हिडन्स म्हणजे खटल्याआधी साक्षी लेखी नोंदवण्याचा टप्पा, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त केसेस इथेच हातातून जातात. कोर्ट मार्शलचा गणवेशातला थाट सगळ्यांना दिसतो, पण निकालाचा पाया त्याच्या कितीतरी आधी, एका छोट्या खोलीत घातला जातो.

चित्र डोळ्यासमोर आणा. एक टेबल, कॉम्प्युटरवर बसलेला क्लार्क, साक्षी नोंदवणारा अधिकारी, बाजूला एक स्वतंत्र साक्षीदार. त्याआधी रूल २२ खाली कमांडिंग अधिकाऱ्यासमोर चार्जची सुनावणी झालेली असते. तिथेही आरोपीला उलटतपासणीचा हक्क असतो आणि आरोपात तथ्य नसेल तर सीओ (कमांडिंग अधिकारी) तिथेच चार्ज फेटाळू शकतो. आता रूल २३. साक्षीदार एकेक करून बोलतात, आरोपी त्यांना प्रश्न विचारू शकतो. शेवटी त्याला सावधगिरीची सूचना वाचून दाखवतात: तुला काही सांगायचं असेल तर सांग, सांगायलाच हवं असं बंधन नाही, पण जे सांगशील ते लिहून घेतलं जाईल आणि पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकेल.

हे सगळं इंग्रजीत नोंदवलं जातं, तसा नियमच आहे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. एका फाइलमध्ये मी पाहिलं, जवानाच्या म्हणण्याप्रमाणे तो बोलला होता, "मी खोलीपर्यंत गेलो होतो, चावी द्यायला." कागदावर आलं होतं त्याचा अर्थ "खोलीत गेल्याचं मी कबूल करतो." चावी नाही, "पर्यंत" नाही. त्याला हिंदीत भराभर वाचून दाखवलं, तो "ठीक है साब" म्हणाला आणि खाली सही केली. त्या एका वाक्याशी पुढे पूर्ण खटलाभर झगडावं लागलं.

म्हणून, भाषा कळत नसेल तर "कळलं नाही" असं म्हणायला लाजू नका. मराठी समजणारा दुभाषी मागा. सही करण्याआधी प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारा आणि चुकलं असेल तर दुरुस्ती करून घ्या. "आता काही सांगायचं नाही, बचाव राखून ठेवतो" एवढंच म्हणणं हाही पूर्ण कायदेशीर पर्याय आहे, आणि कित्येकदा तोच बरा असतो. आपल्याकडे वरिष्ठांसमोर गप्प राहणं उद्धटपणा वाटतो. इथे तो हक्क आहे.

तक्रारदाराला उलटे प्रश्न विचारायचे का, हा निर्णय मात्र वकिलाशी आधी बोलून घ्या. अनेक जवान रागाच्या भरात तिथे असले प्रश्न विचारतात की त्यातून त्यांची बाजू आणखी बिघडते.

वकील कधीपासून ठेवता येतो?

पहिल्या दिवसापासून. इन्क्वायरी आणि समरीच्या खोलीत वकील साधारणतः शेजारी बसत नाही, पण बाहेर राहून सल्ला द्यायला कोणाचीच आडकाठी नाही. जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये वकील उभा राहू शकतो. त्याशिवाय रूल ९५ खाली डिफेंडिंग ऑफिसर, म्हणजे आरोपीची बाजू मांडणारा लष्करी अधिकारी, मिळतो, त्याला फी नसते. चांगला डिफेंडिंग ऑफिसर आणि फौजदारी कोर्टात उलटतपासणी घेतलेला वकील, ही जोडी सर्वांत उत्तम. एकाला फौजेची कागदपत्रं आणि रीतभात कळते, दुसऱ्याला पुरावा कळतो.

रूल ३३ प्रमाणे बचावाच्या तयारीला पुरेशी संधी आणि आपल्या वकिलाशी, साक्षीदारांशी बोलायची मुभा द्यावीच लागते. चार्जशीट सांगितल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान ९६ तास गेले पाहिजेत, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर २४. बलात्काराच्या केसला चार दिवस काहीच नाहीत. मुदतवाढ मागा, कारणं लिहून मागा.

कोणतं कोर्ट मार्शल बसेल?

गंभीर आरोप असेल तर जनरल कोर्ट मार्शल. त्यात किमान पाच अधिकारी आणि सोबत कायद्याचा सल्ला देणारा जज अ‍ॅडव्होकेट. डिस्ट्रिक्टमध्ये किमान तीन अधिकारी आणि दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची मर्यादा. समरी कोर्ट मार्शल कमांडिंग अधिकारी एकटा चालवतो. ते जवान आणि एनसीओंपुरतं (नायक, हवालदार) असतं आणि लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या सीओला एक वर्षापर्यंत कैद देता येते. तिथे वकील फक्त "फ्रेंड ऑफ द अ‍ॅक्युज्ड" म्हणून बसू शकतो. तो प्रश्न सुचवू शकतो, पण स्वतः विचारू शकत नाही. समरी कोर्ट मार्शलमध्ये "गुन्हा कबूल" म्हणायला लावलं जातंय असं वाटलं तर थांबा. कबुली लिहिण्याआधी आरोपाचा अर्थ आणि परिणाम समजावून सांगणं नियमाने बंधनकारक आहे. "लवकर संपेल" म्हणून दिलेली कबुली नोकरी आणि पेन्शन दोन्ही घेऊन जाते.

कोर्टावर कोण बसलंय त्याला हरकत घ्यायचा हक्क कलम १३० देतं. १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात ज्या अधिकाऱ्याविरुद्ध जवानाने तक्रार केली होती तोच कोर्टात बसला होता आणि हरकत आहे का असं विचारलंही गेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. २००० च्या चरणजित सिंग गिल प्रकरणात जज अ‍ॅडव्होकेटची रँक आरोपीपेक्षा खालची होती, तिथेही कोर्ट मार्शल टिकलं नाही. अशा गोष्टी किरकोळ तांत्रिक वाटतात, पण रँकच्या दबावात न्याय होतोय की नाही हे यांवरूनच कळतं.

चार्जशीटवर बलात्काराऐवजी वेगळंच कलम आहे. हे चांगलं की वाईट?

आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ४६ मध्ये "क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक" लज्जास्पद वर्तन येतं आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ६३ शिस्तभंगाचं, तेही सात वर्षांपर्यंत. अधिकारी आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) कलम ४५, पदाला न शोभणारं वर्तन. मुख्य आरोपासोबत ही कलमं पर्यायी म्हणून लावली जातात. धोका असा की सगळा बचाव "संमती होती" यावर उभारला आणि बलात्कार सिद्ध झाला नाही, तरी त्याच बचावातून ४५ किंवा ६३ आपोआप सिद्ध होऊ शकतं. बचाव ठरवताना सगळे चार्ज एकत्र समोर ठेवून विचार करा.

रँक मोठी म्हणून कोणी सुटतो असंही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एका मेजर जनरलला महिला कॅप्टनच्या तक्रारीवरून जनरल कोर्ट मार्शलने बडतर्फीची शिक्षा दिली आणि पुढच्या वर्षी लष्करप्रमुखांनी ती कायम केली.

संमती होती हे आम्हाला सिद्ध करावं लागतं का?

नेहमीच्या केसमध्ये सिद्ध करायचं ओझं फिर्यादी पक्षावर असतं, तेही वाजवी शंकेपलीकडे. कलम १३३ मुळे पुराव्याचा सर्वसाधारण कायदा कोर्ट मार्शललाही लागू होतो.

एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. सरकारने एखाद्या भागात तैनात केलेल्या सैनिकाने त्याच भागात बलात्कार केला, असा आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ च्या दुसऱ्या पोटकलमाखाली असेल, तर किमान शिक्षा दहा वर्षं आणि कमाल मरेपर्यंत कैद. शिवाय शरीरसंबंध सिद्ध झाला आणि तिने "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर कोर्टाला तसंच गृहीत धरावं लागतं. मग संमती होती हे आरोपीनेच दाखवायचं. हातात बंदूक असलेल्या माणसासमोर "हो" म्हणण्याला किती अर्थ असतो, हे ओळखूनच कायदा असा केला आहे. त्यामुळे "तैनात" हा शब्द चार्जशीटवर आहे का आणि तो वस्तुस्थितीला लागू होतो का, हे सर्वांत आधी तपासा.

तक्रारदार अठरा वर्षांखालची असेल तर संमतीचा प्रश्नच उरत नाही, आणि पोक्सो कायद्याचं कलम २९ आरोपीच्या विरोधात आणखी गृहीतक उभं करतं.

तिच्या आधीच्या संबंधांबद्दल प्रश्न विचारता येतील का?

नाही. पूर्वीचा लैंगिक अनुभव किंवा चारित्र्य यावरून संमती ठरवता येत नाही, कायद्याने ते दार बंद केलं आहे. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यालाच गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. खरी उलटतपासणी वेळ, जागा, प्रकाश, अंतर, मेसेजचा क्रम, वैद्यकीय नोंदी, आधीच्या आणि नंतरच्या निवेदनांतला फरक यांवर होते. तक्रार उशिरा केली एवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही. फौजेत वरिष्ठाविरुद्ध बोलायला वेळ लागतो, हे कोर्टावर बसलेल्या अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तक्रार अंतर्गत समितीकडे गेली आहे, पोलिसांत नाही. हलकं प्रकरण समजायचं का?

मुळीच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची समिती साधारणतः तीन महिन्यांच्या आतली तक्रार घेते, कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून देते. तिच्या अहवालावरून पुढे लष्करी कारवाई होऊ शकते. २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घाईत उरकलेली चौकशी आणि त्यावरची बडतर्फी रद्द केली. त्याच निकालात या कायद्याची अंमलबजावणी ढिली असल्याबद्दल सरकारी यंत्रणांना फटकारलंही. घाईची चौकशी तक्रारदारालाही न्याय देत नाही. तिच्या हाती आलेला निकाल नंतर वरच्या कोर्टात कोसळतो.

तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं हा कायदा मानत नाही. "आता तिच्यावर केस टाका" असा आग्रह घरचे धरतात तेव्हा मी बहुधा नकोच म्हणतो.

जुनं प्रकरण आहे. मुदत संपली का?

कलम १२२ प्रमाणे कोर्ट मार्शलला तीन वर्षांची मुदत आहे. ती गुन्ह्याच्या तारखेपासून मोजतात. गुन्हा तेव्हा माहीतच नसेल, तर पीडित व्यक्तीला किंवा कारवाईचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला कळलं तेव्हापासून. या "कळलं" शब्दावरच वाद होतात, म्हणून कोणत्या अधिकाऱ्याला कोणत्या पत्राने कधी कळलं त्याची तारीखवार यादी करा. पण मुदत संपली म्हणून सुटलो असं समजू नका. फौजदारी न्यायालयाचा मार्ग उरतोच, आणि रूल १४ खालची प्रशासकीय कारवाईही (अधिकाऱ्याला खटल्याविना नोकरीवरून काढणं) मुदतीनंतर होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हरजीत सिंग संधू प्रकरणात सांगितलं आहे.

"निर्दोष" निकाल आला. आता संपलं ना?

अजून नाही, आणि हे घरच्यांना सांगताना फार जड जातं. जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलचा निकाल, दोषी असो वा निर्दोष, कलम १५३ प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय वैध ठरत नाही. तो एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. कोर्टाने पुन्हा निर्दोषच म्हटलं आणि वरिष्ठाने तेही कायम केलं नाही, तर प्रशासकीय मार्गाने नोकरीवरून काढण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या कुक्रेटी निकालाने मोकळी ठेवली आहे. म्हणून निकालाच्या दिवशी पेढे वाटू नका. पुष्टीचं पत्र हातात येऊ द्या.

शिक्षा झाली तर पुढे काय? मुंबईत दाद मागता येते का?

पुष्टीच्या आधी आणि नंतरही कलम १६४ खाली अर्ज करता येतो. पुष्टीआधीच्या अर्जात पुराव्यातल्या त्रुटी पानांच्या क्रमांकासह दाखवा. भावनिक विनंती आणि घरची परिस्थिती शिक्षेच्या मुद्द्यासाठी ठेवा. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ च्या कलम १५ खाली अपील. मुंबईच्या खंडपीठाकडे महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात येतात. न्यायाधिकरण निष्कर्ष बदलू शकतं, शिक्षा कमी करू शकतं, पुन्हा खटल्याचा आदेशही देऊ शकतं. त्यापुढे सर्वोच्च न्यायालय. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही शाबूत आहे, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. अपिलासाठी खटल्याच्या कामकाजाची पूर्ण प्रत लागते. ती मागणारा अर्ज शिक्षा जाहीर झाल्याच्या आठवड्यातच द्या.

बडतर्फी झाली तर पेन्शन साधारणतः जातं. बायको-मुलांचा संसार त्यावरच असतो, त्यामुळे शिक्षेच्या प्रमाणाचा मुद्दा हा मुख्य बचावाइतक्याच तयारीने मांडावा लागतो.

आम्ही घरच्यांनी काय करू नये?

तिच्या घरी जाऊ नका. सरपंच, पाटील, नातेवाईक, कोणालाही मध्यस्थीला पाठवू नका. असे गुन्हे तडजोडीने मिटत नाहीत. उलट साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा आरोप लागतो आणि मिळालेला जामीनही जातो. तिचं नाव, फोटो, युनिट, गाव यांतलं काहीही गावच्या किंवा फौजी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती पोस्ट तुम्ही "फक्त फॉरवर्ड" केली असली तरी अडकाल.

आणि मुलाशी रोज बोला, पण फोनवर केसबद्दल बोलू नका. जेवलास का, झोप लागते का, डॉक्टरांना दाखवलंस का, एवढं विचारा. कोठडीत एकटा बसलेला, सहकाऱ्यांनी टाळलेला माणूस मनाने खचतो. तसं जाणवलं तर त्याच दिवशी कमांडिंग अधिकाऱ्याला पत्र लिहून वैद्यकीय तपासणी आणि समुपदेशन मागा, आणि त्या पत्राची पोच फाइलला लावा.